संगणकाची पदवी आणि विनाअनुदानाची भिंत

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांत प्रवेशासाठी रांगा लागतात. विज्ञान शाखेच्या रांगेतील कित्येक मुलामुलींना आज संगणकशास्त्राची पदवी हवी असते. त्यांत शेतमजुरांची, एस.टी. कामगारांची, अंगणवाडी सेविकांची मुले मोठ्या संख्येने असतात. खिडकीपाशी पोहोचल्यावर त्यांना एक विलक्षण गोष्ट कळते. त्याच संस्थेत, त्याच इमारतीत पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला जे शुल्क पडते, त्याच्या कित्येक पट शुल्क संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला भरावे लागते. विद्यापीठ एक, पदवी एक. परंतु एक वर्ग अनुदानित आणि दुसरा विनाअनुदानित. या एका शब्दाने गावातील मुलांची विभागणी होते. जो पैसा उभा करू शकतो तो संगणकाकडे वळतो. ज्याला ते जमत नाही, तो इच्छा नसलेला विषय घेतो किंवा शिक्षणच सोडतो.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. आपल्या देशातील संगणकविद्या मुळात सार्वजनिक पैशावर वाढली. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफरॅक’ संगणक चालू झाला. १९६३ साली कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये संगणक आला आणि तेथे त्याचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम’ हा महासंगणक उभा केला. यांतील प्रत्येक प्रयत्नामागे शासनाचा, म्हणजेच जनतेचा पैसा होता. परंतु ही विद्या प्रयोगशाळेतून बाहेर पडून सामान्यांच्या मुलांपर्यंत पोहोचण्याची वेळ आली, तेव्हा शासनाने हात आखडता घेतला. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने महाराष्ट्रात विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. देणग्यांचा बाजार इतका फोफावला की १९८७ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग उच्च शिक्षणाच्या धोरणात रूढ झाला आणि पदवीचे नवे अभ्यासक्रम बहुधा त्याच खात्यावर मांडले जाऊ लागले. संगणकशास्त्र हा त्यांतील ठळक विषय.

येथे चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. १९८३ हेच वर्ष बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाविषयी केलेल्या कराराचे आहे. कचेरीत यंत्र आल्यास माणसाच्या रोजगाराचे काय होणार, हा प्रश्न कामगार चळवळीने योग्य वेळी व जोमाने विचारला. परंतु ते यंत्र चालविण्याची आणि घडविण्याची विद्या कोणाच्या मुलांना मिळणार, या दुसऱ्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. त्या अनास्थेची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

विनाअनुदानाचे समर्थक सांगतात की या पदवीला नोकरी आहे, तेव्हा विद्यार्थ्याने शुल्क भरण्यात गैर काय? हा युक्तिवाद वरवर पटतो, पण तो उलट्या क्रमाने मांडलेला आहे. नोकरी पदवीनंतर लागते. शुल्क मात्र आधी भरावे लागते, आणि ते भरण्यासाठी घरातील सोने किंवा जमीन गहाण पडते. नोकरीची हमीही आता पूर्वीसारखी उरलेली नाही. २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. शिवाय ज्याला चांगली नोकरी मिळते तो आयुष्यभर प्राप्तिकर भरतो. समाजाचे देणे फेडण्याचा तोच न्याय्य मार्ग आहे. आय.आय.टी.तील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यावर शासन आजही मोठा खर्च करते, आणि तो खर्च योग्यच आहे. मग तोच विषय तालुक्याच्या गावी शिकणाऱ्याला मदत का नाकारावी? रयतेच्या पैशातून वरिष्ठ वर्गांचे शिक्षण पोसले जाते, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. ती अद्याप निकाली निघालेली नाही.

शिष्यवृत्त्या आहेत, हे खरे. परंतु अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे, आणि रक्कम हाती पडेपर्यंत महाविद्यालयाचा तगादा चुकत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले, हे पाऊल स्वागतार्हच होय. तथापि ती सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. गावच्या महाविद्यालयात थेट बी.एस्सी.ला नाव घालणारी मुलगी त्या चौकटीत बसत नाही.

शुल्काइतकाच गंभीर प्रश्न अध्यापनाचा आहे. विनाअनुदानित वर्गावर शिकविणारा अध्यापक बहुधा तासिका तत्त्वावर किंवा अल्प वेतनाच्या करारावर असतो. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, हे त्याला ठाऊक नसते. (अनुदानित विभागांतही रिक्त जागा अशाच भरल्या जातात, हे शासनाला भूषणावह नाही.) २०२२ च्या अखेरीपासून मजकुराप्रमाणेच आज्ञावलीही लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. साचेबंद आज्ञावली लिहिण्याचे काम त्यांच्याकडे जाऊ लागले आहे. अशा काळात गणित, विदा-रचना, संगणकाच्या कार्यप्रणालीचे अंतरंग यांचा पाया ज्याचा पक्का असेल तोच टिकेल. हा पाया टिपणे पाठ करून घातला जात नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे एकाच विषयात मुरलेला, निश्चिंत मनाचा शिक्षक लागतो. विनाअनुदानित व्यवस्था नेमका तोच देऊ शकत नाही.

यातील विसंगती अशी की या विषयाची हत्यारे जगात समाईक मालकीची आहेत. १९८३ सालीच अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मुक्तपणे वापरता, पाहता व बदलता येईल अशा प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली लिनक्सचा गाभा आला. आज जगातील बहुसंख्य मोठे संगणक त्यावर चालतात आणि कोणत्याही खेड्यातील प्रयोगशाळेला तो फुकट उतरवून घेता येतो. हजारो हातांनी मिळून घडविलेली हत्यारे फुकट, आणि ती वापरण्याचे शिक्षण मात्र विकतचे!

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाले असून ऑनर्स पदवी चार वर्षांची झाली आहे. विनाअनुदानित वर्गातील विद्यार्थ्याला ती हवी असेल, तर शुल्काचे आणखी एक वर्ष वाढणार आहे. म्हणून हा प्रश्न लांबणीवर टाकता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात सर्वप्रथम साधी माहिती गोळा करावी: संगणकशास्त्राच्या वर्गाचे शुल्क किती, अनुदानित वर्गाचे किती, कायम अध्यापक किती, तासिकेवरचे किती आणि पहिल्या वर्षानंतर किती मुले गळाली. या आकड्यांच्या आधारे तीन मागण्या लावून धराव्यात. अनुदानित महाविद्यालयांतील संगणकशास्त्राचे वर्ग टप्प्याटप्प्याने अनुदानावर आणावेत. अध्यापकांची पदे कायम स्वरूपात भरावीत. आणि पहिल्या वर्षी इंग्रजीच्या जोडीने मराठीतून विषय समजावून सांगण्याची सोय करावी. शेतकऱ्याच्या मुलीला अडखळविते ती अनेकदा भाषा असते, तर्क नव्हे.

खिडकीवरून परत फिरणारी मुले मोर्चा काढत नाहीत. ती मुकाट्याने घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी दुकानात उभी राहतात. त्यांच्या वतीने बोलण्याचे काम चळवळीचे आहे.