'आइस' : थरार पक्का, उपाय कच्चा!

'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन मालिकेतला 'आइस' हा भाग १९९३ सालचा. अलास्कातल्या तळावर संशोधक एकमेकांच्या जिवावर उठतात. का? खोल बर्फातून वर आलेला जंत! तो अंगात शिरला, की माणूस पिसाळतो. पण कुणाच्या अंगात शिरलाय, हेच कळत नाही. मग मल्डर आणि स्कली ही जिवलग जोडीसुद्धा एकमेकांवर पिस्तूल रोखते! तिथं काटाच येतो अंगावर.

उणं काय? दुसरा जंत सोडला, की दोन्ही जंत एकमेकांना मारतात आणि रोगी बरा! हे फारच झटपट झालं. शिवाय १९८२ च्या 'द थिंग' सिनेमाची छाप लपत नाही.

छोट्यांना नको, मोठ्यांनी आईबाबांसोबत बघा. आणि सांगा, तिथं तुम्ही कुणावर विश्वास ठेवला असता?