नोकरी मुलाची, धंदा घराचा

गेल्या महिन्यातील गोष्ट. सकाळचे दहा वाजत आले होते. शेजारच्या इमारतीतून डबे पोचवणारा मुलगा धावत दवाखान्यात आला आणि म्हणाला, "काकू भलतेच काहीतरी बोलत आहेत." जाऊन पाहिले, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू ओट्याला टेकून बसल्या होत्या. अंग घामाने भिजलेले, नजर हरवलेली. समोर नव्वद पोळ्यांची चवड. बोटाच्या थेंबावर साखर पाहिली: 52.

त्यांची ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी सहालाच पोटात गेली होती. न्याहारी मात्र डबे गेल्यावर. शुद्ध होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली आणि मग पोटभर खाऊ घातले. या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, त्यामुळे नुसत्या साखरपाण्यावर थांबून चालत नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. वयस्कांमध्ये साखर उतरल्याची खूण पुष्कळदा घाम किंवा थरथर ही नसते, नुसता गोंधळलेपणा असतो. घरचे त्याला 'वय झाले' म्हणतात.

काकूंच्या मुलाची नोकरी फोर्टात. पनवेलहून हार्बरच्या लोकलने जायला सव्वा तासाहून अधिक, यायला तितकाच. घराचे हप्ते फिटावेत म्हणून त्याने डब्यांचा जोडधंदा काढला. रात्री बारापर्यंत हिशेब, पहाटे साडेचारला भाजी चिरणे. सून शाळेत शिक्षिका. आठला ती बाहेर पडली की पोळ्या काकूंच्या. या धंद्याला नावे ठेवणार नाही. पण नोकरी सांभाळून धंदा करायचा, तर नोकरीच्या वेळेत तो कोणीतरी सांभाळावाच लागतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच पाहा. रंगांधळेपणामुळे चित्रकलेचे शिक्षण सोडावे लागले, तेव्हा ते मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले आणि ती नोकरी चालू असतानाच 1888 मध्ये बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. मुंबईहून सायकली ते पाठवीत. दुकान सांभाळीत ते त्यांचे बंधू रामूअण्णा. व्यवसायाच्या नावातच 'ब्रदर्स' होते. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती पुढे, 1910 मध्ये. आपल्याकडच्या घरांत रामूअण्णांच्या जागी बहुधा आई असते. तिला कोणी भागीदार म्हणत नाही आणि तिचे पाय सुजले तर ते हिशेबात येत नाही.

कधीकधी तिचे नाव असते, ते फक्त कागदावर. सरकारी नोकराला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार परवानगीवाचून खासगी व्यापार करता येत नाही, म्हणून धंदा आईच्या नावे. कुटुंबातील कोणी व्यापार करीत असेल तर तेही कार्यालयाला कळवावे लागते, हे विसरले जाते. माझ्या एका रक्तदाबाच्या रुग्ण आजींना आपण कर्जाच्या कागदावर सही केली आहे, हे बँकेचे पत्र आल्यावर समजले. महिनाभर त्यांना झोप नव्हती आणि मी बिचारा गोळ्या बदलत होतो!

काकूंचा मुलगा त्या संध्याकाळी आला तो अपराधी चेहऱ्यानेच. "डॉक्टर, उद्यापासून आई स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही," म्हणाला. काकू ताडकन म्हणाल्या, "मला विचारलेस का? सासूबाईंसारखी खिडकीत बसवून ठेवू नका मला." मला त्यांचे पटले. हाताला काम असल्यापासून त्यांचे गुडघ्यांचे रडगाणे कमी झाले होते, हेही खरे.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवले. गोळी सहाला नाही, आठच्या न्याहारीबरोबर. (हा बदल त्यांच्यापुरता, वाचकांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.) पोळ्या जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून विकत. चटण्या आणि डबे भरणे काकूंकडे, तेही खुर्चीत बसून, आणि डब्यामागे ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यात. मुलाचा रक्तदाब 150 वर 96 निघाला. त्याला आठवडाभर रोज मोजून, साडेदहाला अंथरुणावर पडून, पुन्हा यायला सांगितले.

तो अजून आलेला नाही. काकू मात्र परवा येऊन गेल्या. पंधरा दिवसांच्या साखरेच्या नोंदी डब्यांच्या हिशेबाच्या वहीतच लिहिल्या होत्या, एका रकान्यात डबे, दुसऱ्यात साखर.