ऐकण्याचं बिल

१२.४ हा आकडा मला आजही बघवत नाही.

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मुळशीकडच्या डोंगरांत एक पळण्याची स्पर्धा होती. मॅरेथॉनच, पण डांबरी रस्ता सोडून रानातून, कातळावरून. आपल्यातल्या निम्म्या ऑफिसकरांना हल्ली हे वेड लागलंय. शनिवारी रात्री पास्ता खायचा आणि रविवारी पहाटे स्वतःचे गुडघे फोडून घ्यायचे. मला ते वेड नाही. माझं वेड हॅम रेडिओचं. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, लायसन्स काढून, स्वतःच्या सेटवरून हवेत गप्पा मारणारी माणसं. एक पैसा न घेता. हो, अशी माणसं असतात, आणि ती दिसायलाही तुमच्याआमच्यासारखीच असतात.

त्या डोंगरात मोबाइलला रेंज नाही. म्हणून आयोजकांनी आमच्या मंडळींना चेक पॉइंट्सवर बसवलं होतं. खाली पायथ्याला कंट्रोलवर आमच्या सोसायटीतले काका. तेच माझे यातले गुरू. आणि सगळ्यात वरच्या पॉइंटवर मी. बांबूला बांधलेली अँटेना, गाडीत बसवतात तसला ५० वॅटचा सेट आणि घरच्या जुन्या यूपीएसमधून काढलेली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी. वजन दोन-सव्वादोन किलो. निघताना मीटर लावून बघितला होता. १२.४ व्होल्ट. बारापेक्षा जास्त आहे ना? मग टेन्शन कसलं?

साडेअकराच्या सुमाराला एक पळणारा आला. आला म्हणजे दोघांनी धरून आणला. घोटा मुरगळलेला, दोनदा उलटी झालेली, ओठ पांढरेफटक. मी माइक उचलला, बटण दाबलं आणि सेटचा डिस्प्ले विझला. सोडलं, लागला. परत दाबलं, परत विझला. मीटर लावला तर तो साळसूदपणे बारा दाखवतोय. सगळ्यात वाईट काय होतं माहितीये? मला सगळं ऐकू येत होतं. खालून काका माझा कॉलसाइन घेऊन घेऊन हाका मारत होते आणि मला साधं 'ओ' देता येत नव्हतं. त्या मुलाची बायको फिनिश लाइनला उभी होती. 'तिला फक्त सांगा, मी ठीक आहे,' असं तो मला तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मी मान खाली घातली.

शेवटी एक व्हॉलंटियर पोरगा पळत खाली गेला. स्ट्रेचर यायला चाळीस मिनिटं लागली. संध्याकाळी सलाइन लावून तो मुलगा बरा झाला, दुसऱ्या दिवशी घरीही गेला. पण ती चाळीस मिनिटं माझ्या नावावर आहेत. मी मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलीये. कम्युनिकेशनची मॉडेल्स, नॉइज, फीडबॅक, सगळं पाठ. बॅटरी नावाचा धडा सिलॅबसमध्ये नव्हता.

काका रागावले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"लो पॉवरचं बटण दाबलं होतंस का गं?"

नव्हतं. ५० वॅटवर बोलताना तो सेट १० अँपिअर ओढतो. ५ वॅटवर तीन-साडेतीन. थकलेली बॅटरी दहाचा झटका सोसू शकली नाही, तिचा व्होल्टेज धाडकन खाली बसला आणि सेट बंद पडला. तीनाचा कदाचित तिनं सोसला असता आणि त्या उंचीवरून ५ वॅट पायथ्यापर्यंत आरामात पोचले असते. म्हणजे मरायला टेकलेल्या बॅटरीतही एक निरोप शिल्लक होता. मला तो काढता आला नाही.

काकांचं पुढचं म्हणणं असं, की रिकाम्या बसलेल्या बॅटरीचा व्होल्टेज मोजणं म्हणजे झोपलेल्या माणसाला 'दमलायस का?' विचारणं. त्याला कामाला लावा आणि मग विचारा. म्हणजे सेट जोडा, बटण दाबा आणि बोलता बोलता मीटर बघा. बहुतेक मोठे सेट १३.८ व्होल्ट अधिक-उणे १५ टक्के मागतात, म्हणजे खालची हद्द ११.७. बोलताना आकडा त्याखाली गेला की समजायचं, बॅटरीचे दिवस भरले.

मग त्यांनी दूधवाल्याच्या कॅलेंडरमागे हिशेब मांडला. आणि इथे माझा फंडा क्लिअर झाला, तो तुम्हालाही सांगते. मला वाटायचं, रेडिओची बॅटरी बोलण्यात संपते. पण माझा सेट नुसतं ऐकताना अर्धा अँपिअर घेतो. सहा तासांत एकदशांश वेळ बोलले, म्हणजे छत्तीस मिनिटं, आणि बाकी वेळ ऐकलं, तर ऐकण्यावर गेले साधारण पावणेतीन एएच. बोलण्यावर लो पॉवरला दोन, हायला सहा. आणि यासूचा एफटी-८१७ हा २००० च्या सुमाराला आलेला ५ वॅटचा चिमुकला सेट असेल, तर ऐकण्याचा खर्च बोलण्याच्या जवळपास दुप्पट भरतो. ऐकणं म्हणजे ईएमआय. तुम्ही काही करा न करा, दर तासाला कापला जाणार. बोलणं म्हणजे मॉलमधली खरेदी, ती हातात असते.

आता माझी ७ एएच बघा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हिशेबात धरायचे साडेतीन. त्यातही डब्यावरचा आकडा वीस तासांत हळूहळू वापरली तरचा असतो. एकदम जास्त ओढलं तर तेवढंही मिळत नाही. मला हवे होते लो पॉवरवर पावणेपाच आणि हायवर पावणेनऊ. थोडक्यात काय, ती बॅटरी नवीन असती तरी पुरली नसती. उगाच यूपीएसला दोष देत होते.

पुढच्या रविवारी आम्ही बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. (मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड समजावा.) तिथे १८६५० नावाचे लिथियम-आयनचे सेल मिळतात, लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत असायचे तसे. हलके, स्वस्त, मोहक. तीन ओळीने जोडले की भरलेले असताना १२.६ व्होल्ट, पण वापरता वापरता ते नऊपर्यंत उतरतात. एफटी-८१७ ला ८ व्होल्टही चालतात, त्यामुळे त्याला हे सेल गोड लागतात. माझ्या सेटला अर्ध्या वाटेतच चक्कर. आणि एका सेलवर '९८०० एमएएच' छापलेलं दिसलं, तर हसून पुढे जा. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतात. बाकीची शाई.

'मग पॉवर बँक का नाही?' हा प्रश्न मला प्रत्येक पार्टीत येतो. साधी पॉवर बँक ५ व्होल्ट देते. नवीन टाइप-सीवाल्यांतून जास्त काढता येतात, पण आतलं सर्किट रेडिओत किरकिर घालतं आणि १० अँपिअर तर विसराच. आयकॉमचा आयसी-७०५ यूएसबीवर चार्ज होतो, तेवढ्यापुरती ती न्यायची.

मी घेतली लिथियम आयर्न फॉस्फेट. दुकानदार तिला एलएफपी म्हणतात. चार सेल ओळीने, १२.८ व्होल्ट. ६ एएचची बॅटरी पाऊण किलोच्या आसपास आणि त्यातले जवळपास सगळे एएच वापरता येतात. बोलताना व्होल्टेज बसत नाही, हे तर मला सोन्याहून प्यारं. महाग आहे, लेड-अ‍ॅसिडच्या कितीतरी पट. पण दोनेक हजार वेळा चार्ज होते आणि माझी यूपीएसवाली दोनशे-तीनशेतच म्हातारी झाली असती. घेताना लेबलवरचा सलग करंट मात्र बघून घ्या. आतलं रखवालदार सर्किट त्याच्या वर गेलं की थेट मेन स्विच पाडतं. माझ्या सेटला १० लागतात, म्हणून मी १२ वालीच शोधली. ड्रोनवाले वापरतात तो पिवळा एक्सटी-६० कनेक्टर लावला आणि बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज. फ्यूज वीस रुपयांचा आहे की पन्नासचा यावर वाद घालू नका, लावा. लिथियम शॉर्ट झाली की सॅक पेटते. आणि पाठीवर सॅक तुमचीच असते.

मी बारा एएचची एक घेण्याऐवजी सहाच्या दोन घेतल्या. एक कारण विमान. सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते, १०० वॅट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही आणि त्यापुढे १६० पर्यंत एअरलाइनला विचारावं लागतं. सहाची भरते ७६.८. बाराची १५३.६, म्हणजे काउंटरवर विनवण्या. दुसरं कारण सोलरचं.

सोलर म्हटलं की आपले डोळे लकाकतात. फुकट वीज! मीही २० वॅटचं घडीचं पॅनेल घेतलं आणि थेट सेटला जोडायला निघाले. काकांनी हात धरला. '१२ व्होल्टचं' म्हणून विकलं जाणारं पॅनेल मोकळं असताना २०-२२ व्होल्ट देतं. सेट जळाला असता. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच आणि तो एलएफपीचा हवा, १४.२ ते १४.६ वर थांबणारा. लेड-अ‍ॅसिडचे काही चार्जर बॅटरी 'दुरुस्त' करायला मध्येच जास्त व्होल्टेज फेकतात. ते इथे नको.

२० वॅट हे कंपनीच्या लॅबमधले. डोंगरावर उन्हानं पॅनेल तापतं, तापलं की कमी देतं आणि झाडाची एक फांदी कोपऱ्यावर सावली टाकून गेली की अख्ख्या पॅनेलचा दम जातो. मला भर उन्हात एक अँपिअरच्या आसपास मिळतो, दहा ते तीन मिळून चार-पाच एएच. कमी वाटतं? पण माझा ईएमआय अर्धा अँपिअर आहे! ऐकण्याचं बिल सूर्य भरतो, वर थोडं शिल्लक टाकतो आणि बॅटरी राहते फक्त बोलण्यासाठी. अर्थात जून ते सप्टेंबर सह्याद्रीत पॅनेल नेणं म्हणजे छत्री घेऊन पोहायला जाणं. तेव्हा घरूनच भरून न्यायची.

आणि एक गंमत. मी पॅनेलसोबत छान एमपीपीटी कंट्रोलर घेतला होता, पॅनेलमधून जास्तीत जास्त पिळून काढणारा. पहिल्यांदा गच्चीवर ४० मीटर बँड लावला तर सेटमधून नुसती घूंऽऽऽ! तासभर मी अँटेना तपासत बसले. काका आले, त्यांनी पॅनेलची पिन उपटली आणि त्या घूंमागून बेंगळुरूचा एक आवाज स्वच्छ बाहेर आला. कंट्रोलरचं आतलं स्विचिंगच रेडिओला बहिरं करत होतं. सगळेच असे नसतात, हॅम लोक जीनासनसारखे शांत कंट्रोलर शोधून वापरतात. तुम्ही दुकानातून आणलात की सेट लावा, पिन काढा-घाला आणि फरक ऐका. पाच मिनिटांचं काम. मी मात्र दोन बॅटऱ्यांवर भागवते. एक सेटला, दुसरी वीस पावलं लांब पॅनेलला, जेवताना अदलाबदल.

काका हे सगळं मनावर का घेतात, ते मला नंतर कळलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा हॅमगिरी करणाऱ्या भारती प्रसाद हैदराबादच्या राष्ट्रीय हॅम रेडिओ संस्थेच्या मोहिमेवर योगायोगानं पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. फोन कोलमडले आणि अंदमानातल्या माणसांचे निरोप त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीवर यायला लागले. काका तेव्हा पुण्यात रात्र रात्र हेडफोन लावून बसले होते. 'निरोप काय असायचे?' मी विचारलं. "एवढेच. अमुक माणूस जिवंत आहे, घरी कळवा."

परवाच्या डिसेंबरात परत तीच स्पर्धा, तोच डोंगर. मी वरचाच पॉइंट मागून घेतला. पॅनेल कातळावर, बॅटरी सावलीत, सेट पहाटेपासून लो पॉवरवर. दुपारी बारा वाजता काकांची हाक आली.

"वरचा पॉइंट, बॅटरी किती? ओव्हर."

"१३.२!" मी जवळजवळ ओरडलेच. "ओव्हर."

खाली दोन सेकंद शांतता.

"एलएफपी भरलेली असली तरी १३.२ दाखवते आणि निम्मी असली तरी. व्होल्ट नको सांगूस गं, किती एएच गेले ते सांग. ओव्हर."

नशीब, ड्रोनवाल्यांचा तो छोटा वॉट-मीटर मधल्या वायरीत लावलेला होता. वाकून बघितलं.

"दोन पूर्णांक नऊ गेले. तीन उरलेत, आणि दुसरी उन्हात भरतेय. ओव्हर."

"ठीक. मग आता सतरा नंबरच्या बिबवाल्याचा निरोप घे. त्याची आई विचारतेय, त्यानं नाश्ता केला का?"