चप्पल आमची, सही कुणाची?

आपल्या शिकलेल्या पोरांच्या कानात हल्ली एक नवा मंत्र फुंकला जातोय. कल्चर समजून घ्या, ब्रँडशी पार्टनरशिप जुळवा, मार्केटिंगमध्ये करियर फक्कड होईल. मंत्र म्हटला की आपण सावध झालंच पाहिजे. मंत्र कोण सांगतो आणि दक्षिणा कोण उपटतो, हे आपल्या बापजाद्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिलंय.

मी याच धंद्यात भाकरी खातो. जाहिरात कंपनीत आहे. म्हणून हा मंत्र आतून सोलून दाखवतो.

एप्रिल जवळ आला की साहेब लोकांना आपला निळा रंग आठवतो. १४ तारखेला बाबासाहेबांचा फोटो, खाली दोन गोड ओळी, कोपऱ्यात लोगो. अशाच एका मीटिंगमध्ये मी म्हटलं, जयंती साजरी करताय तर तुमच्या कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा आणि तेच जाहिरातीत छापा. समोरचा हसला. म्हणाला, पॉलिटिकल नको, कल्चरल ठेवा.

कल्चरल म्हणजे जात खरवडून काढलेला माल. हलगी चालते, ती वाजवणारा मांग चालत नाही. चप्पल चालते, चांभारवाडा चालत नाही.

कोल्हापुरीचंच घ्या. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्रादा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारखी चप्पल चढवली. नाव काय, तर लेदर सँडल. कोल्हापूरचा पत्ता नाही. बोंब झाली तेव्हा कंपनीने कबूल केलं, की प्रेरणा भारतातल्या हातकामाच्या चपलेचीच. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत करार झाला. जाहीर झालं ते असं: २००० जोड, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजारांवर रुपये. एका बाजूला प्रादा, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र आणि कर्नाटकची सरकारी चर्मोद्योग महामंडळं. कारागिरांना प्रशिक्षण देऊ, योग्य मोबदला देऊ, असं कंपनी म्हणते. योग्य म्हणजे किती? ८०० हा आकडा आहे. २००० हा आकडा आहे. 'योग्य' हा आकडा नाही. आणि रापी-आरी धरून ज्याच्या हाताला घट्टे पडलेत, त्याला कोण कसलं प्रशिक्षण देणार?

आता याच चामड्याची दुसरी बाजू बघा. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, कातड्याच्या धंद्याची कंबर मोडली. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गोरक्षकांनी उघड्यावर फोडून काढलं. कातडं काढलं की मार, कातड्याची चप्पल मिलानला गेली की वारसा. वा रे तुमचं कल्चर!

हा खेळ जुना आहे. ज्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत पँथरने नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्यांनी तो आपल्याआधी भोगलाय. एडवर्ड बॉइड या काळ्या माणसाला पेप्सीने १९४७ साली नोकरीवर घेतलं. त्याने काळ्या विक्रेत्यांची फळी उभी केली. चर्च, कॉलेजं, वस्त्या पालथ्या घातल्या. वंशभेदाचे चटके खात माल खपवला. आणि १९४९ साली कंपनीचा प्रमुख भर सभेत म्हणाला, पेप्सी ही काळ्यांचं पेय म्हणून ओळखली जाऊ नये. काळ्यांसाठी त्याने वापरलेला शब्द शिवीच होती. बॉइड सभेतून उठून चालता झाला. पुढे थोड्याच वर्षांत ती फळीही मोडली. गिऱ्हाईक आणून दिलं, घर मिळालं नाही.

दुसरा माणूस, हार्लेमचा शिंपी डॅपर डॅन. १९८२ पासून बड्या कंपन्यांची चिन्हं वापरून तो रॅपवाल्यांचे कपडे शिवायचा. कंपन्यांनी वकील आणि धाडी लावल्या, १९९२ साली त्याचं दुकान बसलं. २०१७ मध्ये गुचीने त्याच्याच जाकिटासारखं जाकीट रॅम्पवर आणलं. काळी माणसं खवळली, तेव्हा गुची भागीदारीला आली. २०१८ मध्ये हार्लेमला त्याचं शिवणघर पुन्हा उघडलं आणि मालावर गुचीच्या शेजारी त्याचं नाव लागलं. जिवंत माणसाचं नाव! आपल्याकडे काय लागलं? 'कोल्हापुरी चपलांवरून प्रेरित'. गावाचं नाव आलं, माणसाचं राहिलं.

आपल्यातलेच काही म्हणतील, मार्केटिंग म्हणजे भांडवलदाराची दलाली, थुंका त्याच्यावर. थुंकून काय होणार? खुर्ची रिकामी राहत नाही, त्यांचा भाचा येऊन बसतो. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो पैशाला शिव्या घालायला नव्हे. पैसा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो, हे कळलं पाहिजे म्हणून. आपणही या धंद्यात घुसायचं, पण वस्तीचे दलाल होऊन नाही.

कागद वाचायला शिका. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळाला, दोन्ही राज्यांतले चार-चार जिल्हे त्यात आहेत. पण नोंद दोन महामंडळांच्या नावावर. जुलै २०२५ मध्ये काही वकील प्रादाविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेले, तर याचिका फेटाळली गेली. जीआयचे मालक तुम्ही नाही, म्हणून. मतलब साफ आहे. कागद ज्याच्या नावावर, तोच बोलणार. त्याच १९९९ च्या कायद्याखाली चप्पल बनवणाऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवता येतं. तुमच्यापैकी किती जणांनी चांभारवाड्यात जाऊन हा फॉर्म भरून दिलाय? पॉवर पॉइंट बनवता येतो ना? मग फॉर्मही येईल.

उद्या एखादा ब्रँड तुमच्या दारात कल्चर मागायला आला, तर त्याला आधी तीन गोष्टी विचारा. बनवणाऱ्याचं नाव मालावर छापणार का? एका जोडामागे त्याला किती रुपये, ते जाहीर करणार का? करारावर त्यांच्या स्वतःच्या संस्थेची सही घेणार का? तिन्हींना होकार असेल तर जीव तोडून काम करा. नसेल तर त्याला तुमचं डोकं विकू नका. आणि तो म्हणाला पॉलिटिकल नको, तर त्याला सांगा, आमची चप्पल जन्मापासून पॉलिटिकल आहे. ती घालून सवर्णांच्या आळीतून जायची आम्हाला बंदी होती.