टेस्ट ट्यूब बाळाची प्रकृती कुणाच्या खिशावर?

मूल होण्यासाठी माढ्याहून सोलापूर-पुण्याला जाणारी जोडपी आता नवलाची राहिली नाहीत. कुणी दागिने मोडतो, कुणी मुकादमाकडून उचल घेतो. वांझ म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईला मूल हवे असते, यात गैर काहीच नाही. प्रश्न पुढचा आहे. या मुलांची प्रकृती मोठेपणी कशी राहते?

घाबरण्याचे कारण नाही, हे आम्ही आधीच सांगतो. मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली हर्षा चावडा २०१६ मध्ये स्वतः आई झाली. जगभरात अशी लाखो मुले धडधाकट वाढली आहेत. काही पाहण्यांत त्यांचा रक्तदाब किंचित जास्त आढळला. दोष तंत्राचा की आईबापांच्या मूळ प्रकृतीचा, यावर डॉक्टरांत एकमत नाही. पण एका धोक्याबद्दल वाद नाही, तो जुळ्या-तिळ्यांचा. प्रयोगशाळेत तयार झालेले एकाहून अधिक भ्रूण गर्भाशयात सोडले की जुळ्यांची शक्यता वाढते. जुळी अनेकदा दिवस भरण्याआधी, कमी वजनाची जन्मतात. आणि कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार होण्याचा धोका जास्त असतो.

मग जास्त भ्रूण सोडतात कशाला? एका खेपेला लाख-दीड लाख मोजणाऱ्या शेतमजुराला दुसरी खेप परवडत नाही. तो म्हणतो, डॉक्टरसाहेब, काय करायचे ते एकदाच करा. बापाच्या खिशातली चणचण अशी बाळाच्या वजनात उतरते!

बेल्जियमने २००३ मध्ये सहा खेपांचा प्रयोगशाळेचा खर्च सरकारी विम्यातून द्यायला सुरुवात केली आणि बदल्यात भ्रूणांच्या संख्येवर मर्यादा घातली. तरुण स्त्रीला पहिल्या खेपेत एकच. जुळ्यांचे प्रमाण झपाट्याने घटले. आपल्याकडचा २०२१ चा कायदा दवाखान्यांना नोंदणी करायला आणि दहा वर्षे कागदपत्रे जपायला लावतो. मात्र गरिबाच्या खर्चाचा भार सरकारवर टाकत नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी गर्भवतीच्या विश्रांतीचा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे सांगितले होते. आमचे राज्यकर्ते जयंतीला हार घालतात, एवढेच.

लोकांच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णालयात रुजलेले हे तंत्र आज बहुतांशी खासगी दवाखान्यांच्या हाती आहे. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये हा उपचार मोफत मिळावा, एका वेळी एकच भ्रूण हा तिथला नियम असावा, आणि जन्मलेल्या मुलाची, आईबापांच्या संमतीने व नाव गुप्त ठेवून, पंचविशीपर्यंत तपासणी व्हावी. माढ्यातल्या आमच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी लेखी द्यावी आणि आमदार-खासदार मते मागायला दारात येतील तेव्हा तिचे काय झाले ते विचारावे.