अनागतविधाता

पंचतंत्रांतील तीन माशांची गोष्ट मीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल, त्याची गणना नाहीं. कोळी येणार हें कळतांच तळें सोडणारा अनागतविधाता शहाणा, आणि व्हावयाचें तें होईल म्हणून स्वस्थ राहणारा यद्भविष्य मूर्ख, हा निवाडा मुलें न अडखळतां देत. परवां एका वाचक भगिनीचें पत्र आलें आणि मी प्रथमच घुटमळलों. त्यांची आई व मावशी अंडाशयाच्या कर्करोगानें गेल्या. त्यांच्या स्वतःच्या रक्ततपासणींत बीआरसीए-१ ह्या जनुकाचा दोष निघाला. प्रकृति ठणठणीत आहे. "धडधाकट देहाला शस्त्र लावावें काय?" असें त्या विचारतात.

हा प्रश्न घरोघरीं पोंचला तो मे २०१३ मध्यें. हाच दोष असलेल्या अँजेलिना जोली ह्या अमेरिकन नटीनें तेव्हां न्यूयॉर्क टाइम्स पत्रांत आपली हकीकत लिहिली. तिची आई ५६ व्या वर्षीं कर्करोगानें वारली होती. डॉक्टरांच्या अंदाजानें तिला स्तनाच्या कर्करोगाचा धोका शेंकडा ८७ व अंडाशयाच्या कर्करोगाचा शेंकडा ५० होता. रोग नसतांना तिनें दोन्ही स्तनांवर शस्त्रक्रिया करवून घेतली. पहिला धोका शेंकडा ५ च्या खालीं आला. २०१५ मध्यें तिनें अंडाशय व अंडवाहिन्याही काढविल्या.

हें जनुक मूळचें वैरी नव्हे. पेशींतील तुटलेला डीएनए सांधणें हें त्याचें काम. तें बिघडलें कीं डागडुजी खुंटते.

आतां माशाचें पाहा. कोळी येणार हें निश्चित होतें, आणि तळें सोडण्यांत त्याच्या देहाचें कांहीं गेलें नाहीं. येथें दोन्ही गोष्टी तशा नाहींत. दोष असलेल्या कांहीं स्त्रियांना हा रोग कधींच होत नाहीं. मात्र त्या कोणत्या, हें आधीं सांगतां येत नाहीं. अंडाशय काढल्यास ऋतुनिवृत्ति अकालीं येते व हाडें ठिसूळ होऊं शकतात. स्तनांपुरता दुसरा मार्ग आहे: दर वर्षीं एमआरआय करवून पहारा ठेवणें. त्यानें रोग टळत नाहीं, लवकर सांपडतो. अंडाशयासाठीं असा भरंवशाचा पहारा अद्याप नाहीं. म्हणून हा दोष असल्यास, अपत्यें झाल्यावर, ३५ ते ४० व्या वर्षांच्या दरम्यान तें काढण्याचा सल्ला देतात. तेव्हां अंडाशयाविषयीं डॉक्टरांचें ऐकावें असें मी म्हणेन. स्तनांविषयींचा निर्णय सर्वस्वीं त्या भगिनीचा. थांबणारी यद्भविष्य नव्हे, आणि शस्त्रक्रिया करविणारी भित्रीही नव्हे.

मूर्ख म्हणावयाचेंच तर आम्हां वडीलधाऱ्यांना म्हणावें. हा दोष बापाकडूनही येतो, व प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. परंतु आत्या कशानें गेली असें विचारलें, तर "पोटाच्या दुखण्यानें" एवढेंच उत्तर मिळतें. कारण घरांतील मुलींचीं लग्नें व्हावयाचीं असतात. पत्रिकेंतील मंगळ मात्र आम्ही तासन् तास तपासतों.

धाकट्या भावाला हें कळवावें काय, असेंही त्या भगिनींनीं शेवटीं विचारलें आहे. त्याला दोन कन्या आहेत. आजच कळवावें.