हलक्या बंदुकीचा भ्रम

सुटीचे दिवस आले कीं मुलाला एखादी हवाई बंदूक घेऊन द्यावी, असा विचार आमच्या पंचवटींतल्या सुशिक्षित घरांतूनही हल्लीं सहज निघतो. आणि 'एवढीशी तर बंदूक, तिनें काय होणार?' या एका वाक्यावर तो मंजूरही होतो. हें वाक्य नवें नाहीं. सिन्नर-येवल्याकडच्या माळांवर तित्तिर आणि लावे मारणाऱ्या जुन्या शौकिनांच्या तोंडीं तेंच निराळ्या वेषांत असे: बारा बोअरची जड बंदूक रांगड्यांनीं वापरावी, रसिकानें वीस किंवा अठ्ठावीस बोअरची हलकी दुनळी हातीं धरावी, म्हणजे पाखरालाही संधि मिळते. हलकेपणाला दयाळूपणा समजण्याची ही चूक तेव्हांही चूकच होती, आणि आज ती अधिक घातक झाली आहे, असें आमचें म्हणणें आहे.

एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळींत बरोबर बसेल ती बारा बोअर. वीस केल्या तर वीस. आंकडा वाढेल तशी नळी अरुंद. अशी बंदूक सहा रत्तलांच्या आसपास भरते, दिवसभर खांद्याला जड होत नाहीं, आणि पायांजवळून तित्तिर फडफडत उठला म्हणजे झटकन् वर येते. या चपळाईचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. परंतु बंदुकीबरोबर काडतूसही लहान होतें. विलायती सात नंबरचे छरे औंसाला सुमारें ३४० भरतात. बारा बोअरच्या सव्वा-सतरा नव्हे, बरोबर सतरा-सोळांश औंसाच्या काडतुसांत ते ३६० च्या घरांत जातात. अठ्ठावीस बोअरचें काडतूस पाऊण औंसाचें धरलें तर २५५. आणि धाकट्यांसाठीं म्हणून जिची शिफारस होई त्या '४१०' बंदुकीच्या अर्ध्या औंसांत अवघे १७०. एका छऱ्यानें पाखरूं क्वचितच जागच्या जागीं मरतें; चार-पांच एकदम लागावे लागतात. दाणे कमी झाले कीं त्यांच्या पसाऱ्यांत भोंकें पडतात, आणि भोंकाच्या कडेला सांपडलेला तित्तिर एक छरा पोटांत घेऊन बोरीच्या जाळींत शिरतो. पक्क्या नेमाचा शिकारी अंतर आवरून हें टाळूं शकेल. पण तो संयम बंदुकीबरोबर दुकानांत मिळत नाहीं. संधि मिळाली ती सावकाश मरण्याची.

कायद्यानें हा वाद मिटला असें कोणी म्हणेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत लहान शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनें तीही गेली, आणि तित्तिर मारणें आज सरळ गुन्हा आहे. दुनळ्या कपाटांत गेल्या. भ्रम मात्र बाहेरच राहिला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें ज्या हवाई बंदुकीची नळी ०.१७७ इंचाहून मोठी नाहीं व जिचा जोर २० ज्यूलांहून अधिक नाहीं, तिला परवाना लागत नाहीं. परवाना लागत नाहीं म्हणजे अपायही होत नाहीं, असा अर्थ घरोघर काढला गेला. वास्तविक दुनळींत निदान शें-दोनशें दाणे होते. येथें साडेचार मिलिमीटरांचा एकच. तो डोक्यांत बसला तर बुलबुल मरेल. बारा वर्षांच्या पोराच्या हातून तो बहुधा पंखांत, नाहीं तर पोटांत बसतो. तपोवनाच्या वाटेवर एका पंखानें धूळ खरवडीत चाललेली साळुंकी आम्हीं उचलली, तेव्हां छरा कातडीखालीं बोटाला लागत होता. ती संध्याकाळपर्यंत जगली.

येथें हटकून सलीम अलींचा दाखला पुढें येतो. लहानपणीं त्यांनीं हवाई बंदुकीनें पिवळ्या गळ्याची चिमणी मारली, आणि त्यांतून पक्षिशास्त्रज्ञ निपजला! दाखला खरा, निष्कर्ष खोटा. ती चिमणी कोणती हें न कळल्यामुळें मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला, आणि तेथें मिलर्ड साहेबांनीं जतन केलेल्या पक्ष्यांचे खण त्याच्यापुढें उघडले. शास्त्रज्ञ त्या खणांतून निघाला. बंदुकींतून निघत असता तर एव्हांना गल्लोगल्लीं सलीम अली भेटते.

मुलाला नेमच शिकवावयाचा असेल तर दहा मीटरांवरची कागदी चकती आहे. अभिनव बिंद्रांनीं २००८ सालीं बीजिंगला सुवर्णपदक मिळविलें तें हवाई बंदुकीनेंच, आणि एकाही पाखराला न दुखवितां. पाखरेंच हवीं असतील तर दुर्बीण घ्यावी आणि निफाड तालुक्यांतलें नांदूरमध्यमेश्वर गांठावें. २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून तें जाहीर झालें, तरी आमच्यापैकीं कितीजण तेथें मुलांना घेऊन गेले? अरुणाचल प्रदेशांत शिकार ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तेथें २०२१ सालीं हवाई बंदुका परत करण्याची मोहीम निघाली, आणि लोकांनीं हजारावर बंदुका आपण होऊन आणून दिल्या. आमच्याकडे जटायूचे पंख तुटल्याची कथा ऐकतांना ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांच्याच माडीवर ही बंदूक खिळ्याला लटकलेली असते. आणि विचारलें तर उत्तर येतें कीं, ती अगदीं हलकी आहे.